सेट चालू असताना बॅग ठेवायची कुठे?

सातेरी_सावंतवाडी

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय.

मी मूळची सावंतवाडीची. गेले चार सीझन उत्तर गोव्यात कळंगुट-बागा पट्ट्यातल्या एका क्लबात नाचते. आम्ही सहाजणी आहोत. साडेदहाला पहिला सेट, मग साडेबाराला आणि शेवटचा दोनला. एक सेट वीस-पंचवीस मिनिटांचा. तेवढा वेळ आम्ही सगळ्या वर आणि मेकअप रूम रिकामी. रूम म्हणजे किचनच्या मागची खोली. एक आरसा, चार खुंट्या, दाराला फक्त आतून कडी. बर्फवाला, बियरची बॅरल बदलणारा मुलगा, साउंडवाला, किचनची पोरं, सगळ्यांची ये-जा त्याच बोळातून.

गेल्या शनिवारी दुसरा सेट करून खाली आले. बॅग खुंटीला होती तशीच, चेन बंद, कुलूप लागलेलं. आत फोन नाही आणि पाकीट नाही. पाकिटात ६,४०० रुपये होते, आठवडाभराची टीप. फोनचे पाच हप्ते अजून भरायचेत. कुलूप जसंच्या तसं बघून आधी वाटलं की मीच कुठेतरी विसरले. बॅग तीनदा उलटी करून झटकली, दोन वाजता पुन्हा वर जाऊन नाचले आणि खाली येऊन पुन्हा झटकली.

मॅनेजर म्हणाला, "एवढे पैसे कामावर आणायचेच कशाला?" पैसे मी घरून आणलेच नव्हते हो. तिथेच मिळाले होते.

माझे दोन प्रश्न आहेत. सेटच्या कपड्यांना खिसा नसतो, अंगावर टिकल्यांचा टॉप आणि स्कर्ट. मग फोन, पैसे, खोलीची किल्ली ठेवायची कुठे? तुम्ही काय करता?

आणि दुसरं. महिनाभरापूर्वी आमच्यात एक नवीन मुलगी आली, आसामची. सगळ्या तिच्याकडेच बघतायत. खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच आलं. पोलिसांत जाऊ का? आईला माझं काम माहीत आहे, भावाला नाही. चौकीतून घरी फोन गेला तर काय, ही भीती आहे.

बॅगवाला_दादर

ताई, बॅगा दुरुस्त करण्यात माझी २६ वर्षं गेली. कुलूप न तोडता बॅग कशी उघडली, ते सांगतो.

तुमची नायलॉनची चेन असणार. दोन रनर एकत्र आणून त्यांच्या भोकांतून छोटं कुलूप घातलेलं, बरोबर? बॉलपेनचं टोक चेनीच्या मधोमध दाबलं की दात सुटतात आणि हात जाईल एवढी फट पडते. काम झालं की कुलूप लावलेले दोन्ही रनर तसेच त्या फटीवरून इकडून तिकडे ओढायचे. चेन पुन्हा मिटते. सगळं मिळून अर्धं मिनिट लागतं. माझ्याकडे लोक किल्ली हरवली म्हणून बॅग घेऊन येतात, मी हेच करून देतो.

उपाय सोपा आहे. दोन रनर एकमेकांत अडकवायचे नाहीत, बॅगेच्या अंगाला शिवलेल्या कडीत अडकवायचे. मग चेन फोडली तरी रनर फिरवून मिटवता येत नाही, उघडी दिसते. चोराला तेच नको असतं. जमलं तर धातूच्या दातांची चेन बसवून घ्या, ती पेनाने सुटत नाही. तीन आकड्यांच्या नंबरलॉकवर विसंबू नका. ०००पासून ९९९पर्यंत हजारच आकडे होतात आणि ढिलं लॉक असेल तर बोटाला खाच कळते.

सातेरी_सावंतवाडी

@बॅगवाला_दादर, अगदी तसंच. नायलॉनची चेन, दोन रनर, मधे बदामाच्या आकाराचं कुलूप. आत्ता खोलीवर पेन घेऊन करून पाहिलं. पहिल्याच दाबात उघडली. हात थरथरतोय.

स्पष्ट_बोलतो

रागावू नका, पण रात्री तीन वाजेपर्यंत जिथे दारू वाहते तिथे दुसरं काय होणार? दुसरं काम बघा. चोरीचा प्रश्नच उरणार नाही.

फडातली

@स्पष्ट_बोलतो, लोकलमध्ये रोज खिसे कापले जातात, म्हणून कुणाला नोकरी सोडा म्हणता का? बाई कामाला गेली, घाम गाळला, तिचे पैसे गेले. चुकलं कोण ते आधी नीट बघा.

साते, मी २२ वर्षं लावणीच्या संगीत पार्टीत नाचले. चौफुला, जामखेड, मोडनिंब, सगळीकडच्या कला केंद्रांची खोली पाहिली आहे. आता पाय दुखतात म्हणून मुलींना शिकवते. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आमच्यात एकच: पेटीजवळ माणूस. पत्र्याची पेटी सगळ्यांची मिळून एक. नाचाची बारी सुरू झाली की पेटीवर मावशी बसायची. ती नाचत नव्हती, गातही नव्हती. साड्या चुणायच्या, चहा करायचा आणि पेटीवरून उठायचं नाही. आम्ही प्रत्येकजण आपल्या हिश्श्यातून तिला देत होतो. बाहेरच्या माणसाला वाटायचं ही म्हातारी फुकट खाते. ती होती म्हणून आमचं सगळं जागेवर होतं.

एकदा एका जत्रेत मावशी तापाने पडली आणि त्याच रात्री माझी पायातली चाळ गेली. पैसे गेले असते तर रडले नसते. एका पायाला सव्वाशे घुंगरं, चामड्याच्या पट्ट्यावर आईने स्वतः ओवलेली. तिच्या बोटाला सुईचे घट्टे पडले होते. दोन वर्षांनी दुसऱ्या पार्टीतल्या एका पोरीच्या पायात ती चाळ दिसली. चाळ सगळ्या सारख्याच, माझीच कशावरून? पण आईने पट्ट्याच्या आतल्या बाजूला निळ्या दोऱ्याचे तीन टाके घातले होते. मी म्हटलं, पट्टा उलटा कर. केला. टाके होते. त्या पोरीने ती बाजारात विकत घेतलेली, तिला बिचारीला काही ठाऊक नव्हतं. मी तिला तिचे पैसे दिले आणि माझी चाळ घेतली.

म्हणून सांगते, आपल्या प्रत्येक वस्तूवर आपल्यालाच माहीत अशी खूण असू दे.

उंबरठा

फडातली मावशी, "पट्टा उलटा कर" वाचून अंगावर काटा आला.

कोथरूडची_मिताली

मी लग्नांच्या संगीत कार्यक्रमांत नाचते, पुण्यात. सोपी युक्ती: पैसे सॅनिटरी पॅडच्या पाकिटात ठेवायचे. कुणी हात लावत नाही.

लिंबोणी

@मिताली, पुरुष लावत नाहीत गं! आमच्या मेकअप रूममध्ये पंधरा बायका. तिथे सगळ्यात आधी पॅडच जातात, तेही "एक घेते हां" म्हणून सांगून. :)

ढोलवाला

कपडे शिवणाऱ्या मावशींकडून टॉपच्या आत चोरखिसा शिवून घ्या की. आमची आजी कनवटीला नोटा लावून पंढरपूरला चालत जायची, एक रुपया कधी गेला नाही.

लिंबोणी

@ढोलवाला, कनवट नऊवारीला असते, टिकल्यांच्या स्कर्टला कुठली? तरी चोरखिसा चालतो, मी वापरते. पण दोन गोष्टी पाळायच्या. नोटा आधी छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या, नाहीतर दुसऱ्या सेटपर्यंत घामाने लगदा होतो. आणि खिसा छातीशी नको, कमरेच्या मागच्या बाजूला, पट्ट्याखाली. छातीशी असला की गिरकीत नोटेचा कोपरा वर येतो आणि पाहणाऱ्याला कळतं की पैसे तिथे आहेत. किल्ली मात्र अंगावर अजिबात नको. माझ्या मैत्रिणीने फ्लोअरवर गुडघे टेकायची स्टेप केली आणि किल्ली मांडीत घुसली.

आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल. साते, मी ती नवी मुलगी होते.

नाशिकजवळच्या एका लग्नात. नवरीच्या मावशीची अंगठी सापडेना. ग्रुपमध्ये मी आठ दिवसांची. आमच्या सगळ्यांच्या बॅगा अंगणात सतरंजीवर रिकाम्या केल्या, पाहुण्यांसमोर. बाकीच्यांच्या पटकन, माझी सावकाश. माझे आतले कपडे त्या सतरंजीवर पडले होते आणि एक मुलगा हसत होता. अंगठी बाथरूममध्ये साबणाच्या ताटलीत मिळाली. कुणी "चुकलं" म्हणालं नाही. जेवायला बोलावलं, आम्ही न जेवता निघालो.

चोर सोडून संन्याशाला सुळी, ही म्हण शाळेत पाठ केली होती. त्या दिवशी तिचा अर्थ कळला. त्या आसामच्या मुलीशी आज रात्री एकदा नीट बोल. तिचंही काही गेलंय का, विचार. नव्या मुलीचं गेलं तर ती कुणाला सांगणार?

किचन_रात्रपाळी

मी गोव्यातच आहे, हॉटेलच्या किचनमध्ये. ताई, तुमची यादी वाचून वाईट वाटलं. बर्फवाला, बॅरलवाला, किचनची पोरं. आमच्यावर संशय घ्यायला कुणाला पुरावा लागत नाही. आमचेही मोबाइल जातात. माझे गावाला पाठवायचे पैसे बुटात ठेवले होते, बुटासकट गेले. पहाटे चार वाजता चप्पल उसनी घेऊन खोलीवर गेलो.

सातेरी_सावंतवाडी

@किचन_रात्रपाळी, माफ करा दादा. मी बोळातून कोण जातं ते लिहिलं, पण वाचणाऱ्याला ते तसंच लागणार. माझी चूक.

@लिंबोणी, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. बोलते तिच्याशी.

ढोलवाला

मग दाराला बाहेरून कोयंडा बसवा, सेट सुरू झाला की कुलूप आणि किल्ली कॅप्टनकडे, म्हणजे वेटरांच्या मुख्याकडे. प्रश्न मिटला.

किचन_रात्रपाळी

नाही! बाहेरून कुलूप अजिबात नाही. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या क्लबात आग लागली तेव्हा २५ जण गेले, त्यातले बहुतेक तिथे काम करणारे. तळघरात अडकलेले. आमच्यातला प्रत्येकजण तेव्हापासून कामावर गेल्यावर आधी दार बघतो. एखादी मुलगी बरं नाही म्हणून आत पडलेली असेल, कुणी न बघता कुलूप घातलं तर? कुलूप कपाटाला घाला, दाराला नको. आणि बोळात पेट्या, बॅरल रचून ठेवत असतील तर त्यावर आधी भांडा.

ढोलवाला

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शब्द मागे घेतो.

पनवेल_२००५

सगळे मेकअप रूममधल्या चोरीबद्दल बोलतायत. मी दुसऱ्या चोरीबद्दल बोलते.

मी पनवेलजवळच्या एका बारमध्ये नाचायचे, १५ ऑगस्ट २००५ ला डान्सबार बंद झाले तोपर्यंत. तेव्हा नोटा उधळायचे. त्या आम्ही उचलायच्या नाहीत. पोऱ्या गोळा करायचा, काउंटरवर मोजायचे, त्याला आम्ही कलेक्शन म्हणत असू. रात्री शेवटी आमचा वाटा हातात यायचा. काउंटरवर किती मोजले हे आम्हाला कोण सांगणार? नाचता नाचता वही कुठे धरायची?

मला एका मोठ्या बाईने शिकवलं. डाव्या हातात बारा काचेच्या बांगड्या घालायच्या, उजवा मोकळा. अंदाजे हजार झाले की गाण्याच्या मध्येच एक बांगडी डाव्या हातातून काढून उजव्यात. बघणाऱ्याला वाटायचं अदा आहे. रात्री काउंटरवाला म्हणायचा, "तुझे चार हजार." मी उजवा हात टेबलावर ठेवायचे. सात बांगड्या. पहिल्यांदा हसला, दुसऱ्यांदा चिडला, तिसऱ्यांदा नीट मोजायला लागला.

बंदी आली तेव्हा ७५ हजार बायकांचं काम गेलं असा आकडा कोर्टापर्यंत पोचला होता. आमच्या युनियनच्या वर्षा काळे वगैरे लढत होत्या. पण रोज रात्री काउंटरवर जे कापलं जायचं, त्याचा आकडा कुठेच लिहिलेला नाही. साते, तुमच्याकडे टीप कोण गोळा करतं? सहाजणींची मिळून डब्यात जाते की जिची तिच्या हातात? ते आधी सांग.

सातेरी_सावंतवाडी

@पनवेल_२००५, हातात दिली तर जिची तिची. टेबलावर ठेवली किंवा क्लबच्या क्यूआरवर आली तर काउंटरला, आणि आठवड्याने वाटतात. क्यूआरचा हिशेब आम्हाला कधी दाखवलेला नाही. तुम्ही विचारेपर्यंत मी त्याला चोरी म्हटलंच नव्हतं.

स्पष्ट_बोलतो

बांगड्यांचं वाचून गप्प झालो. आधीचा प्रतिसाद घाईत लिहिला होता, मनापासून क्षमा.

वकिली_चष्मा

कायद्याचं थोडं लिहितो.

पोलिसांत जावं का? जावं. चोरी म्हणजे भारतीय न्याय संहितेचं कलम ३०३, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. चोर तिथलाच नोकर निघाला आणि वस्तू मालकाच्या ताब्यातली असेल तर कलम ३०६, तिथे सात वर्षांपर्यंत. चौकीत बहुतेक वेळा "हरवल्याची नोंद करा" असं सुचवतात. हरवलेलं नाही, चोरलेलं आहे. अर्जात "चोरी" हाच शब्द लिहा. वेळ, जागा, वस्तू, किंमत, एवढंच. "अमुकीवर संशय आहे" हे पुरावा नसताना लिहू नका. एफआयआरची प्रत तक्रारदाराला फुकट मिळते. ठाण्याने घेतलीच नाही तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ती सोय आहे. त्याच कलमाने कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, म्हणजे कळंगुटला ओळखीचे भेटतील असं वाटलं तर म्हापशातही.

भावाबद्दल: तक्रारदार तुम्ही सज्ञान आहात. संपर्काला स्वतःचा नवा नंबर आणि गोव्याचा पत्ता द्या. घरचा नंबर द्यायचं काही कारण नाही. पेशा विचारला तर "नृत्यकलाकार" लिहा. ते खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

आता क्लबची जबाबदारी. तुम्ही बॅग स्वतःच्या मनाने खुंटीला अडकवली तर ते हात वर करतील. पण काउंटरवर ताब्यात दिली आणि त्यांनी घेतली, तर १८७२च्या करार कायद्यातल्या कलम १५१ प्रमाणे त्यांनी ती स्वतःच्या वस्तूइतकी जपायला हवी. दिल्लीत एका मोठ्या हॉटेलात पाहुण्याची गाडी पार्किंगला घेतली आणि ती चोरीला गेली, त्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं की पावतीवर "जोखीम मालकाची" छापल्याने हॉटेल आपोआप सुटत नाही. म्हणून ताब्यात देताना काहीतरी लेखी हवं. टोकन, वहीत सही, अगदी व्हॉट्सॲपवर "माझी काळी बॅग काउंटरला दिली" एवढा मेसेज.

@पनवेल_२००५, महाराष्ट्रात २०१६चा डान्सबार कायदा आहे. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात कोर्टाने त्यातल्या बऱ्याच अटी काढल्या, नोटा उधळायची बंदी ठेवली, टीप हातात द्यायला मोकळीक दिली. लेखी करार आणि मोबदला बँक खात्यात, ही अट कायम ठेवली. तो कायदा गोव्याला लागू नाही. पण लेखी करार मागायला वेगळा कायदा लागत नाही.

मालती_जोगळेकर_वाडा

वकीलसाहेब, अवांतर विचारते. सोसायटीच्या पार्किंगमधून सायकल गेली तर सोसायटी जबाबदार का?

वकिली_चष्मा

ताई, त्यावर वेगळा धागा काढा, येतो तिकडे. इथे सातेरीताईंचं चालू दे.

काउंटर_नंबर_चार

मी बँकेत आहे. फोन चोरीला गेला की लोक आधी पोलिसांत धावतात. आधी सिम बंद करा. कुणाचाही फोन घ्या, कंपनीला कॉल करा. मग बँकेला सांगून यूपीआय आणि कार्ड बंद. चोराला तुमच्या फोनपेक्षा त्यातलं सिम जास्त कामाचं असतं. ते काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिकडे. म्हणून आजच सगळ्यांनी एक करा: सेटिंगमध्ये सिमला पिन लावा. सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की पिन मागतं, तीनदा चुकलं की अडकतं. खात्यातून पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन, जितका उशीर तितके पैसे पुढे सरकतात.

मग तक्रारीची प्रत आणि त्याच नंबरचं नवं सिम घेऊन सरकारच्या संचार साथीच्या सीईआयआर पोर्टलवर फोन ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख-नंबर लागतो. *#०६# दाबून तो आधीच वहीत लिहून ठेवा. ज्यांनी लिहिला नाही त्यांना फोनच्या खोक्यावर किंवा बिलावर मिळेल.

सातेरी, खात्यातले पैसे तपासलेस का?

मूळ आधारकार्ड, पॅन बॅगेत घेऊन फिरू नका. डिजीलॉकरमध्ये असू द्या. आणि रोख रक्कम आठवडाभर साठवायची नाही. दोन दिवसांनी पैसे भरायच्या मशीनमध्ये भरून टाका. एवढ्या रकमेला पॅन लागत नाही.

कोथरूडची_मिताली

@काउंटर_नंबर_चार, टीप थेट स्वतःच्या यूपीआयवर घेतली तर रोख राहणारच नाही ना? मी तेच करते.

लिंबोणी

मिताली, लग्नात ठीक आहे. क्लबात नको. पैसे पाठवणाऱ्याला तुझं बँकेतलं पूर्ण नाव दिसतं. आम्ही स्टेजवर वेगळं नाव लावतो ते उगाच नाही. एकदा एकाने पन्नास रुपये पाठवून नाव काढलं आणि दुसऱ्या दिवशी इन्स्टावर शोधून मेसेज केला. पैसे वाचवायला नाव द्यायचं का? माझं नाव कुठल्याही ६,४०० पेक्षा मोठं आहे.

काउंटर_नंबर_चार

लिंबोणी म्हणते ते खरं आहे. नाव लपवायची सोय नाही. निदान यूपीआय आयडी मोबाइल नंबरचा ठेवू नका, वेगळा बनवा.

सोनाराची_सून

दागिन्यांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. कामावर सोनं घालू नका हे तर खरंच. पण बारीक कानातलं, मंगळसूत्र बायका काढून पर्समध्ये टाकतात. एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी नावाचा ओळख-नंबर असतो, प्रत्येक नगाचा वेगळा. भिंगातून दिसतो. फडातली मावशींचा निळा दोरा तोच. नंबर आणि बिल दोन्ही जपा, वितळवायच्या आधी सापडलं तर ओळख पटते.

उंबरठा

आपण कायदा, बँक, सोनं सगळं फिरून आलो. पण सातेरीचा प्रश्न साधा होता. सेट चालू असताना पंचवीस मिनिटं बॅग कुठे?

फडातली

त्याचं उत्तर मी दिलंय. पेटी आणि पेटीवर माणूस. सहाजणींनी मिळून एक माणूस ठेवा, किंवा आलटून पालटून एकीने सेट सोडा.

लिंबोणी

मावशी, सेट सोडला तर क्लब पैसे कापतो. पण माणूस ठेवायचं पटतंय. कपडे बदलायला, मागची हुकं लावायला कुणीतरी लागतंच.

सातेरी_सावंतवाडी

नऊ दिवसांनी येतेय. नवा फोन नव्हता, मैत्रिणीच्या फोनवरून वाचत होते.

आसामच्या मुलीशी त्याच रात्री बोलले. तिचं हिंदी तुटकं, माझंही काही खास नाही. तिने तिची बॅग पुढे केली, अस्तर ब्लेडने कापलेलं. तिचे २,२०० गेले होते, माझ्या आधी तीन आठवडे. तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तिला वाटलं नवीन म्हणून तिलाच काढतील. कापलेल्या अस्तरावर तिने आतून टाके घातले होते, हिरव्या दोऱ्याने. मला रडूच आलं. ती मला पाणी देत होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी म्हापशाला गेलो. तिथल्या पोलिसांनी आधी "हरवलं का" विचारलं. मी "चोरी" म्हटलं आणि अर्ज पुढे केला. दोघींची नावं, दोघींच्या वस्तू. तास-दीड तास बसवलं, पण घेतलं. घरी कुणाला फोन गेला नाही. खात्यातले पैसे सुरक्षित आहेत, फोन ब्लॉक केलाय. परत मिळेल असं वाटत नाही.

मग सहाजणींनी सही करून मॅनेजरला कागद दिला. मागण्या तीनच: भिंतीला पक्कं केलेलं सहा कप्प्यांचं लोखंडी कपाट, बोळातली बॅरल हलवणं आणि क्यूआरच्या टिपेचा हिशेब आठवड्याला कागदावर. किचनच्या पोरांनी विचारलं की त्यांच्यासाठीही कपाट मागाल का, म्हणून चौथी मागणी घातली. (@किचन_रात्रपाळी, तुमची आठवण झाली.) बॅरल त्याच दिवशी हलली. कपाट काल आलं, जुनं आहे, घासून रंग दिलाय. किचनला अजून नाही, ते आम्ही सोडणार नाही. हिशेबावर मात्र "बघू" म्हणालेत.

आणि कपडे सांभाळायला शेजारच्या खोलीतली एक काकी यायला तयार आहे, शुक्रवार-शनिवार. प्रत्येकी शंभर रुपये देणार. फडातली मावशी, ती उठत नाही जागेवरून.

पनवेल_२००५

हिशेबाचं सोडू नका. तोपर्यंत बांगड्या घाला.

बॅगवाला_दादर

कपाटाचं कुलूप स्वतःचं घ्या, क्लबने दिलेलं नको, त्याची दुसरी किल्ली कुणाकडे असते सांगता येत नाही. कडी मोजून घेऊन जा. जुन्या कपाटांच्या कोयंड्यात जाड दांडा शिरत नाही, लोक मोठं कुलूप आणतात आणि परत जातात. आणि त्या मुलीची बॅग पाठवता आली तर पाठवा, आतून रेक्झिनचं अस्तर घालून देतो. पैसे नकोत.

सातेरी_सावंतवाडी

दादा, कोयंड्याचं भोक मोजलं, आठ मिमी भरलं. बॅगेचं तिला सांगितलं. म्हणते, हिरवे टाके ठेवणार असतील तरच देईन.